सहा ते वीस

एकतीस वर्षं मी पोरांच्या नाड्या मोजल्या.
मैदानाला तीन फेऱ्या, मग रांगेत उभं,
दोन बोटं मनगटावर, पंधरा सेकंद, गुणिले चार.
दीडशेच्या खाली आकडा सांगणारा
कुठेतरी पाण्याच्या टाकीमागे थांबलेला असायचा.
त्याला मी पुन्हा पळवायची.

आता माझीच शंभराच्या वर जायला कुरकुरते.

खानापुरात आमच्या गल्लीतला चढ नावालाच,
गुरवांच्या दारापासून पिठाच्या गिरणीपर्यंत.
माघात, डोक्यावर डबा नाही, हातात पिशवी नाही,
तिथे डावा खांदा भरून आला.
वाटलं, थाळीफेकीचं जुनं दुखणं.
मग रिक्षा, मग रेल्वे फाटक बंद,
मालगाडीचे डबे मी मोजले, अठ्ठेचाळीस,
सवयच ती.

बेळगावात नळीत जाळी बसवली
आणि घरी सोडताना एक गोळी दिली,
पांढरी, मधोमध रेघ. अर्धी सकाळी, अर्धी रात्री.
ही काय करते, विचारलं.
डॉक्टर म्हणाले, "घोड्याला लगाम."
म्हटलं, घोडा पडला होता, उधळला नव्हता.
ते हसले, पुढच्या पेशंटकडे बघत.

पहिले दोन महिने
हात गार. पाय शेजारणीकडून उसने आणल्यासारखे.
स्वप्नं मात्र ढीगभर:
मी खो द्यायला धावते आहे
आणि समोरची पाठ येतच नाही.

चैत्रात पट्ट्यावर उभं केलं.
समोरच्या भिंतीवर कुणीतरी बर्फाचा डोंगर चिकटवलेला.
दर तीन मिनिटांनी चढ वाढतो, वेगही.
मी मान वळवून आकडा बघते: अठ्ठ्याण्णव. एकशे एक.
एवढ्यावर तर मी हजेरी घ्यायची.
आणि पोटऱ्या म्हणतायत, बास.

पूर्णिमा कमतगी, असेल सव्वीसची,
मराठी गोड बोलते, आकडे मात्र कन्नडात लिहिते.
"बाई, मशीनकडे नको बघू.
मशीनला गोळी माहीत नाही.
तुम्हीच सांगा, किती जड वाटतंय?
सहा म्हणजे खुर्चीत बसलाय,
वीस म्हणजे आता पडतोय."

एकतीस वर्षांत
हे मी एकाही पोराला विचारलं नव्हतं.

सातवी ब मधली मल्लव्वा म्हणायची,
बाई, हितं काटा टोचूलाय.
मी तिला घड्याळ दाखवायची.

"पंधरा," मी म्हटलं.
"हदिनैदु," ती पुटपुटली आणि लिहिलं,
वाद घातला नाही.
पाच मिनिटं चाळीस सेकंद.

मग रोज चालणं. मलप्रभेच्या घाटापर्यंत, परत.
बोलता येईल इतकंच भरभर, अशी अट;
सोबत कुणी नसलं की मी हजेरीपट म्हणते,
अ पासून, एकोणीसशे ब्याण्णवची तुकडी.
ज्ञ पर्यंत कुणी नव्हतंच,
हळेकर आला की पूल येतो.

श्रावणात पुन्हा पट्टा. तोच बर्फ.
सात मिनिटं दहा सेकंद.
नाडी? मागच्यापेक्षा तीन ठोके जास्त.
तीन ठोक्यांत दीड मिनिट कुठून आलं,
मी पूर्णिमाला विचारलं. ती म्हणाली,
थोडं गोळीमुळे, थोडं पायामुळे,
थोडं, गोत्तिल्ला, माहीत नाही.
हे शेवटचं मला आवडलं.

आज घाटाच्या पायऱ्या चढून वर आले.
कठड्यावर बाबाजान बसलेला, सायकल टेकवून.
"बाई, दम लागूलाय काय?"
मी थांबले. आतून बाहेरून नीट तपासलं.
"अकरा," म्हटलं.

त्यानं मनगट पुढे करून घड्याळ बघितलं.
"छ्या. अजून आठ पण वाजले नाहीत की."